घरघर नसलेलं मशीन

अँप्लिफायर खोक्यावरचा आकडा बघून घ्यायचा नसतोय, हे मी आजही छातीठोक सांगतो. आमच्या गल्लीतल्या तालीम मंडळासाठी मशीन आणायला शाहूपुरीत गेलतो, तर दुकानदार म्हणाला, "पाच हजार वॅट हाय बघा!"

मी म्हटलं, "ते क्षणभराचं झालं. सलग किती देतंय ते सांगा. आणि माईक चालू ठेवून गप बसलं, तर घरघर किती?"

त्यानं लावून दाखवलं. घरघर अजिबात न्हाय. लगेच उचललं.

पहिलाच कार्यक्रम आप्पाकाकांच्या पोरीचा साखरपुडा, तालमीच्याच हॉलात. कागलचे व्याही भाषणाला उभे राहिले ते थांबायलाच तयार न्हाईत. शेवटी एकदाचा माईक काकांच्या हातात आला. आता आमचं जुनं मशीन चालू असलं की सारखं घूंऽऽ करायचं, आणि ती घरघर ऐकूनच काका तोंड सांभाळायचे. आज सगळं चिडीचूप. त्यांना वाटलं, माईक बंद हाय. माझ्याकडं वळून म्हणाले, "पोरगं लाखात एक हाय रं. पर बाप न्हवं, भोंगा हाय त्यो! जेवण गार केलं की सगळं."

शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट गेलं. काकूनं डोळेच मिटले. मला वाटलं, मोडली सोयरीक.

व्याही सावकाश उठले. काकांच्या हातातनं माईक घेतला.

"पावणं, मशीन लय झ्याक हाय. शब्द अन् शब्द कळला. लग्नात हेच लावा. फक्त माझं भाषण जेवणानंतर ठेवा."