दहापैकी किती

मानसोपचारतज्ज्ञांच्या दवाखान्यात मी नंबरची वाट बघत होते. शेजारच्या बाकावर मायलेकी बसल्या होत्या.

"परत मोबाइलमध्ये डोकं?"

"आई, डॉक्टरांनीच दिलंय हे अ‍ॅप. राग चढला की दहापैकी किती, ते टाकायचं. सातच्या वर गेला तर दहा मिनिटं कुणाला मेसेज नाही, हातात बर्फ धरायचा."

"तरीच! बर्फ जातो कुठे, म्हणत होते मी."

"परवा तुला लिहिलं होतं, 'तू मला मेलीस.' पाठवलं नाही."

"मला तर 'दूध आणू का?' एवढंच आलं."

"दहा मिनिटांनी तेवढंच उरलं होतं. बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी आहे मला, भावना क्षणात टोकाला जातात, पण महिनाभरात एकही मेसेज पाठवून पस्तावले नाहीये. आज दाखवणारच डॉक्टरांना. फक्त मंगळवारचा हा नऊ माझा नाही. मोबाइल घरी विसरले होते मी."

"अगं, दार आपटून गेलीस तू, आणि हे मेलं मागे विचारत बसलं, 'आता किती?' मग टाकलं मी खरं ते."

"आणि बर्फ?"

"तो तू शिल्लक ठेवतेस कुठे? गोठवलेल्या मटारची पिशवी धरून बसले दहा मिनिटं."