सात पिढ्यांची हजेरी

किर्गिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकमध्ये, एका मिनीबसमध्ये चौदा माणसं बसलेली होती आणि नऊ उभी. प्रयोगशाळेतून घरी निघालेली जानिल उभ्यांपैकी एक. तिच्यासमोरच्या बाकावर एक आजोबा आणि दप्तर पोटाशी धरलेली त्यांची नात.

"आजोबा, आपण गावी परत जाऊ या. मी उद्या शाळेत जाणार नाही."

"अगं, आज तर पहिला दिवस! झालं काय?"

"बाई म्हणाल्या, वडिलांच्या नावासकट नाव सांग. मी सांगितलं, मी बुरुल. माझे वडील ओमोर, त्यांचे सापार, त्यांचे कीदिर..."

"आपल्या रीतीप्रमाणे पाठ केलेल्या सातही पिढ्या?"

"चौथ्या नावालाच सगळा वर्ग हसायला लागला. बाईंना नुसतं बाबांचं हवं होतं."

"मग थांबलीस?"

"थांबते कशाला! सातवं सांगूनच खाली बसले."

"शाब्बास, वाघिणी! अन् हसणाऱ्यांना स्वतःचे पूर्वज किती येतात?"

"शहरातल्यांना येत नाहीत?"

"मला काय ठाऊक? मी कुठे शहरातला? विचारून बघ की."

"मग उद्या जाते. एकेकाला उभं करून विचारते."

"आधी या ताईंना विचार."

"ताई, तुम्हाला किती येतात?"

जानिलने बोटांवर मोजायला सुरुवात केली. वडील, आजोबा, पणजोबा. चौथं बोट बराच वेळ तसंच राहिलं.

"तीन."