वेंडेलच्या बुटातल्या गोळ्या

कुणी विश्वास ठेवला नाही हो माझ्यावर! आणि आता विचारतात, 'तू सांगितलं का नाहीस?' नाही सांगितलं? मी? घसा बसला माझा सांगून सांगून! नेब्रास्कातल्या त्या मनोरुग्णांच्या वॉर्डात एकोणीस वर्षं फरशी पुसतेय मी, कुठल्या पलंगाखाली काय दडलंय ते मला नाही तर कुणाला कळणार... त्या तेरा आठवड्यांच्या पाहुणीला?

तेरा आठवडे! तुम्हाला सांगते, आमच्या गावात डॉक्टर टिकत नाही, म्हणून कंत्राटावर नर्स आणतात, डॉक्टरसारखी औषधं लिहून देणारी. गाडीत गादी, उशी, मांजर घालून येते बया, रोग्यांची नावं तोंडात बसेपर्यंत तेरा आठवडे भरतात आणि चालली पुढच्या गावाला!

आणि आमचा वेंडेल! बत्तीस वर्षं शाळेची बस चालवली त्यानं, आता म्हणतो, मक्याच्या शेतातून माणसं शिव्या देतात. गोळी गालात धरायची, 'गिळली मॅडम, देवाशप्पथ!' म्हणायचं, आणि पाठ वळली की थू... बर्फात घालायच्या बुटात! बूट कोण उचलतं? मी! सांगितलं पहिल्या नर्सला. तर म्हणे, 'लिंडा, तू बादलीकडे बघ, पेशंटकडे मी बघते.' बघितलं की! कागदावर गोळ्या चालू, वेंडेल तसाच, म्हणून डोस वाढवला. तेरा आठवडे, गेली! दुसरी आली, तिनं डोस दुप्पट केला. तीही गेली! बूट भरत चालला नुसता!

तिसरी कॉलीन. तिचं खोटं का सांगू, एकटी तीच माझ्याशेजारी फरशीवर बसली, बूट उलटा केला, आणि कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं बाई, हे सगळं खरंच पोटात गेलं असतं तर मेला असता गं तो! सोमवारी पहिलं काम हेच." सोमवारी? शुक्रवारीच तेरा आठवडे संपले तिचे! जाताना लिहून गेली बिचारी: वेंडेल गोळ्या गिळत नाही, म्हणून आधी डोस उतरवा, मग लक्ष ठेवून गिळायला लावा.

चौथा आला, ब्रेंट. यानं वाचलं किती? 'गिळत नाही' एवढंच! घेतली बॅटरी, "आऽ करा, जीभ वर, शाब्बास!" आणि अख्खा डोस घशाखाली! मी पोछा घेऊन ओरडत धावले, "अहो, थांबा! एवढं त्याच्या पोटात कधी गेलेलंच नाही!" तर म्हणतो, "बाई, फरशी ओली आहे, सरका." सरका!

दुपारच्या जेवणाला वेंडेल तोंडावर पडला, बटाट्याच्या लगद्यात. हेलिकॉप्टर आलं. मी त्याचे बूट छातीशी धरून उभी, आणि रडू येईना, इतका संताप! तिसऱ्या दिवशी डोळे उघडले बाबानं, पहिला शब्द काय? 'माझे बूट कुठायत?'

मग चौकशी. आमची मोठी मॅडम, लोरेन, चष्मा पुसत म्हणते, "पहिली अलास्कात आहे, दुसरी फोन उचलत नाही, कॉलीनचा करार संपला, ब्रेंटचे तेरा आठवडे काल भरले. अहवालात कायम नोकरीतलं कुणीतरी लागतं. तुला माहीत होतं, पण तू लेखी कळवलं नाहीस."

लेखी! अहो, ग्वातेमालाच्या डोंगरात चौथीपर्यंत शिकले मी, तोंडानं सांगितलं ते ऐकायला कान नव्हते का तुम्हाला?

एकोणीस वर्षं सगळ्यांनी मला लिंडा म्हटलं, बिल्ल्यावरसुद्धा तेवढंच. परवा अहवालात पहिल्यांदा पुरं नाव आलं, तेही अगदी बरोबर, 'जबाबदार व्यक्ती' या शब्दांपुढे: हर्मेलिंडा चोक दे साल्गादो.