कुंदाची टिकली अन् माहं बटन

...आता तुमीच सांगा, 'उलिसक' म्हंजे किती? थोडंसं, हे मलेही समजते, पन बटन बनवनाऱ्या मानसाले आकडा लागते न बापा! मी अमरावतीत घरी बसून एका कंपनीसाठी कॉम्प्युटरात वाजाचे सिंथेसायझर बनवतो, डब्याले डबा वायरीनं जोडाचा, अन् त्यातलं स्वर वर-खाली कराचं गोल बटन, ते माह्याकडं. साल बेकार, कापूस बुडला, भजनी मंडळाचे पेटीवाले भगवंतराव पोरापाशी पुण्याले निंघून गेले, अन् आमची कुंदा, बायको माही, कौंडण्यपूरच्या जत्रेत पह्यल्यांदाच पुढं बसून गानार होती. म्या छाती फुगवून म्हनलं, पेटी काहाले पायजे, मी हाव न.

तालमीत कुंदा म्हने, "आवो, उलिसक वर घ्या." म्या केसभर फिरवलं त स्वर थेट माळ्यावर! चूक माहीच... म्या बटन आखलं बेरजेनं, अन् कानाची चाल दुपटीची, म्हंजे दर सप्तकाले आकडा दुप्पट. मानसाचा गळा सारा पह्यल्या बोटभर जागेत, बाकी रान वटवाघळाईले मोकळं. मंडळाच्या म्होरक्या लीलाबाई म्हनत, "भाऊ, उलिसक खाली." शेवटी स्वर सापडला, त कुंदानं कपाळाची टिकली काढली अन् बटनाचा काटा होता तिथं स्क्रीनवर चिपकवली. भगवंतराव पेटीच्या पट्टीवर अशीच लावत. "आता चुकत नाई," म्हने. म्याही म्हनलं, वा.

जत्रेत ऊन, काही दिसे ना, म्हनून म्या स्क्रीनवरची बटनाची खिडकी मोठी केली. बटन सरकलं, टिकली जागच्या जागी. लीलाबाईनं काटा नेला टिकलीवर... काय सांगू तुमाले, अशी शिट्टी निंघाली का जिलबीवाल्यानं झारा टाकून कान धरले. "भाऊ, उलिसक खाली!" म्या फिरवलं त भुईतून घरघर. कुंदाचे डोळे भरले. मंग तिनं माह्या कॉम्प्युटरचं झाकन लावलं, डोळे मिटले, अन् आपल्याच गळ्यानं सुरू केलं. अन् काय गायली बाप्पा! मले लाज वाटे अन् अभिमान बी, दोन्ही एकाच वेळी.

घरी येऊन म्या सारं दुपटीच्या हिशोबानं आखलं, अन् कॉम्प्युटरातच एक टिकली अशी बसवली का बटनासंगंच सरकते. कंपनी खूश. पन मंडळात बटनाले बंदी, कुंदा आता कायमची पुढं, अन् मांगं माह्या हाती टाळ. आता टाळाले काय वर-खाली असते? तरी लीलाबाई म्हनतेच, "भाऊ, उलिसक वर." मी नुसती मान हालवतो, वाजवतो तसंच.

"हां," म्हनते, "आता कसं."