भाजलेला मामा

आई: पेन.

बाबा: देतोय. टोपण तरी लावू दे.

आई: तिन्ही.

बाबा: दोनच आहेत.

टिंब: बाबा, कानामागे एक आहे.

बाबा: हे तिथे कधी आलं?

टिंब: ते तिथेच असतं. तू झोपतोस तेव्हाही असतं.

आई: साखरेच्या डब्यात ठेवतेय तिन्ही. उद्या संध्याकाळी सहा वाजता परत मिळतील. तोवर ऑफिसातला मुद्रितशोधक रजेवर. घरात नुसता बाबा.

बाबा: ठीक आहे. नियम एकदा नीट कळू देत. लेखी मिळाले असते तर—

टिंब: लेखी नाही. तुला मी लेखी काही देणार नाही.

बाबा: अजून राग गेला नाही?

टिंब: एकच महिना झालाय.

आई: पोरीने वाढदिवसाला हाताने कार्ड करून दिलं, त्यावर तू लाल पेन फिरवलंस. एक महिना कमीच आहे.

बाबा: सोळा पानं तपासून आलो होतो गं. हातात कागद आला की पेन आपोआप चालतं.

टिंब: पाच शब्द होते. त्यात तीन गोल.

बाबा: "प्रीय बाबा, वाढदीवसाच्या हार्दीक शुभेच्छा." पण शुभेच्छा बिनचूक होतं, टिंबू. मोठमोठे लोक चुकतात तिथे. मी मनात शाबासकी दिली होती.

टिंब: मनात. आणि समासात काय लिहिलंस?

बाबा: ते सवयीने.

टिंब: "दुरुस्त करून पुन्हा पाठवा."

आई: आणि खाली सही.

बाबा: तीही सवयीनेच.

टिंब: तर नियम. दोन दिवस आपण फिरायचं, बाहेर खायचं. कुठेही चूक दिसली तरी दाखवायची नाही. तोंडाने नाही, बोटाने नाही, खोकून पण नाही.

बाबा: भुवई?

आई: भुवई सोडून दे गं. डावी भुवई त्याच्या ताब्यात नाही. आम्ही पहिल्यांदा भेटलो तेव्हा मला वाटलं, हा माणूस मला इशारे करतोय. मी लाजले वगैरे. मग कळलं, माझ्या पाठीमागे दुकानाची पाटी होती.

टिंब: बरं, भुवई माफ. जिंकलास तर नवीन कार्ड मिळेल. हरलास तर यापुढे मी फक्त चित्र देणार. चित्रात ऱ्हस्व-दीर्घ नसतं.

बाबा: यापुढे म्हणजे कधीपर्यंत?

टिंब: मी म्हातारी होईपर्यंत.

बाबा: चला, निघू या. बाहेर किती छान ऊन पडलंय. मला तर काहीच वाचायचं नाहीये.

*

टिंब: बाबा, तळ्याकाठचा तो बोर्ड बघ ना.

बाबा: मी बदकं बघतोय.

टिंब: बदकं बोर्डाच्या बरोबर खाली आहेत.

बाबा: मग मी ढग बघतो.

टिंब: मी वाचून दाखवते. "सूचना. तळ्यात उतरून ये."

आई: गेली भुवई.

टिंब: भुवई माफ आहे. बाबा, उतरून येऊ?

बाबा: नको.

टिंब: का? बोर्डावर चक्क लिहिलंय, उतरून ये. एवढ्या प्रेमाने सांगतायत.

बाबा: पाणी गार आहे.

टिंब: तू हात लावून बघितलंस?

बाबा: बदकांच्या चेहऱ्यावरून कळतं.

टिंब: का बोर्डात काही चूक आहे?

बाबा: बोर्ड उत्तम आहे. रंग छान दिलाय. खांब सरळ आहे.

टिंब: मग मी बूट काढते.

बाबा: हे बघ, टिंब. समज एखाद्याला "उतरू" म्हणायचंय, मग जरा थांबून—

आई: सांभाळ.

बाबा: जरा थांबून मग... आइस्क्रीम खायचंय. मला आत्ता आइस्क्रीम खायचंय. सगळ्यांना हवंय का?

टिंब: थांबून काय म्हणत होतास?

बाबा: थांबून माणसाला भूक लागते.

आई: घाल बूट. आइस्क्रीमवाला तिकडे आहे. आणि तू इकडून ये, अशी वळसा घालून.

बाबा: वळसा कशाला? सरळ वाट आहे की.

आई: सरळ वाटेवर आणखी चार बोर्ड आहेत.

बाबा: तू आधीच बघून ठेवलेस?

आई: बारा वर्षं झाली लग्नाला. मी बाग बघत नाही. बोर्ड मोजते.

टिंब: बाबा, तुला खूप त्रास होतोय का?

बाबा: छे. मजेत आहे मी.

टिंब: मग हवेत बोटाने काय लिहितोयस?

बाबा: माशी हाकलतोय.

टिंब: माशी गोल गोल हाकलतात का?

*

बाबा: सकाळचा पेपर कुठे आहे?

आई: आला नाही.

बाबा: दाराशी पडल्याचा आवाज ऐकला मी.

टिंब: मी त्यावर बसलेय.

बाबा: का?

टिंब: आईने सांगितलं, ऊठ म्हणेपर्यंत उठू नकोस.

बाबा: आज रविवार. मी रजेवर, म्हणजे पहिलं पान त्या नव्या पोराने तपासलंय. काय झालंय? खरं सांग.

आई: काही नाही झालं. चहा घे.

बाबा: बातमी की मथळा?

आई: चहात साखर कमी आहे का बघ.

बाबा: मथळा. केवढ्या अक्षरात?

टिंब: माझ्या हाताएवढ्या. बाबा, आपल्या नदीवर फूल बांधलंय का?

आई: टिंब.

टिंब: मी फक्त विचारलं. "नवा फूल वाहतुकीस खुला." आणि खाली फोटो आहे, त्यातून ट्रक चाललेत.

आई: श्वास घे. नाकाने. हां. आता सोड.

बाबा: मला एक फोन करायचाय.

आई: ऑफिसात?

बाबा: नाही. असाच. हवापाण्याच्या गप्पा.

टिंब: मग माझ्यासमोर कर. स्पीकर लावून.

बाबा: नको. राहू दे. हवापाणी ठीक असेल.

आई: अरे, एक दिवस फुलावरून ट्रक गेले तर गेले. जेवायला कुठे जायचं ते ठरव.

बाबा: जिथे पाटी नाही, कार्ड नाही, भिंतीवर काही लिहिलेलं नाही अशा ठिकाणी.

टिंब: मी ठरवलंय. चौकातलं ते नवीन हॉटेल. चोवीस पानांचं मेन्यूकार्ड आहे त्यांचं.

*

टिंब: कार्ड तुझ्यासमोर उघडून ठेवलंय, बाबा. ऑर्डर तू द्यायचीस.

बाबा: आईला देऊ दे की.

आई: माझा चष्मा घरी राहिलाय.

बाबा: तो डोक्यावर आहे.

आई: तेच म्हणतेय मी. तो तुला दिसलेला नाही.

टिंब: नियम असा, कार्डावर जे छापलंय तेच म्हणायचं. जसंच्या तसं. बदलून म्हटलं तर ती दुरुस्ती.

बाबा: हा नियम काल नव्हता.

टिंब: तोंडाने दाखवायचं नाही, हा होता. त्याच्यातच येतो हा. आधी सूप सांग. तिसरी ओळ.

बाबा: मला सूप नकोय.

टिंब: मला हवंय. वाच ना.

बाबा: ताज्या... ताज्या मुलांचे सूप.

आई: हळू बोल. पलीकडच्या टेबलावर तान्हं बाळ आहे.

टिंब: आणि मला मासा हवा. भाजलेला. तो खाली आहे, सातवी ओळ.

बाबा: सातव्या ओळीत मासा नाहीये, टिंब.

टिंब: मग काय आहे?

बाबा: तुला ठाऊक आहे काय आहे. तू आधी वाचलंयस. तू खुर्चीतून पडशील इतकी हसतेयस.

आई: काय आहे एवढं? दाखव. ...अगं बाई.

टिंब: आई, चष्मा घातलास.

आई: "भाजलेला मामा, लिंबू आणि लोणी लावून." माझा भाऊ आहे तो.

बाबा: तुझ्या भावाचं नाव घेतलेलं नाही.

आई: लोणी लावून म्हटल्यावर दुसरा कोण असणार?

वेटर: बोला साहेब, काय आणू?

बाबा: बटाटे आणा.

टिंब: बाबा. मला काय हवंय?

बाबा: बटाट्यांबरोबर एक... सातव्या ओळीतलं जे आहे ते आणा.

वेटर: ओळी पाठ नाहीत साहेब. नाव सांगा.

बाबा: कार्डावर बघा ना.

वेटर: माझ्याकडे कार्ड नसतं. पाठ असतं सगळं.

बाबा: एक भाजलेला मामा.

वेटर: कोण?

बाबा: मामा. भाजलेला. लिंबू आणि लोणी लावून.

वेटर: साहेब, काही चुकलं का आमच्याकडून?

बाबा: नाही, नाही. तुमचं काहीच चुकलेलं नाही. टिंब, मी काय म्हणालो ते ऐकलंस ना? काहीच चुकलेलं नाही.

वेटर: म्हणजे तुम्हाला आमचे मामा हवेत? स्वयंपाकघरात असतात ते? बोलावतो. पण ते आत्ता भट्टीपुढे आहेत.

आई: त्यांना भट्टीपुढेच राहू द्या.

बाबा: तुमच्या कार्डावर जे छापलंय, तेच मी म्हणतोय. अक्षर न् अक्षर. हे बघा. मी बोट ठेवत नाहीये, टिंब, कार्ड नुसतं त्यांच्याकडे वळवलं.

वेटर: द्या बघू. ...अहो, हा मासा आहे.

बाबा: काय म्हणालात?

वेटर: मासा, मासा. छापणाऱ्याने "सा"चा "मा" केला वाटतं.

बाबा: हे तुम्ही म्हणालात. टिंब, हे ते म्हणाले. साक्षीदार आहे तुझी आई.

टिंब: मान्य. हे ते म्हणाले.

बाबा: धन्यवाद. फार फार धन्यवाद. तुमचं शिक्षण किती झालंय? आमच्या ऑफिसात एक जागा—

आई: बटाटे, मासा आणि ते सूप. आणि सूप कशाचं आहे, तेवढं सांगा.

वेटर: मुळ्यांचं, ताई. ताज्या मुळ्यांचं.

बाबा: हेही ते म्हणाले.

टिंब: बाबा, तू रडतोयस?

बाबा: नाही गं. कांदा कापतायत कुठेतरी.

*

आई: सहाला पाच मिनिटं आहेत. साखरेचा डबा ओट्यावर काढून ठेवलाय.

बाबा: घाई नाही. मला काही पेनाची आठवणसुद्धा झाली नाही.

आई: रस्त्यात तीन ठिकाणी डोळे मिटून चाललास. मी हाताला धरून आणलं.

बाबा: प्रेमाने धरलंस असं वाटलं मला.

टिंब: सहा वाजले. हे घे.

बाबा: पाकिटसुद्धा केलंस?

टिंब: उघड आणि मोठ्याने वाच. जसंच्या तसं.

बाबा: "प्रिय बाबा, तू मला फार आवडतोस. तुझ्याबरोबर दोन दीवस खुप मजा आली. तू मामा मागवलास तेव्हा मला पोटात दुखेपर्यंत हसू आलं. वाढदीवसाच्या शुभेच्छा, एक महीना उशीरा. तुझी टिंब."

टिंब: "प्रिय" बरोबर आहे ना? आईला न विचारता लिहिलं.

बाबा: एकदम बरोबर आहे.

टिंब: आणि बाकीच्या? सहा वाजून गेलेत. आता सांगितलंस तरी चालेल.

बाबा: बाकीच्या काय? मी पत्र वाचत होतो.

टिंब: चार चुका मुद्दाम घातल्यात मी. तुला बघायला.

बाबा: चार?

टिंब: का?

बाबा: काही नाही. चारच असतील.

आई: भुवई पाच म्हणाली.

टिंब: पाचवी कुठली?

बाबा: विसरलो.

टिंब: खोटं. तुला अख्खा पेपर पाठ असतो.

बाबा: आज नाही. आज रजेवर आहे.

टिंब: आई, त्याला पेन दे. समासात लिहू दे. मीच सांगतेय.

आई: घे. टोपणाला साखर लागलीय.

(बाबा बराच वेळ कागदावर वाकून असतो; लिहितो मात्र थोडंच.)

टिंब: दाखव. गोल कुठे आहेत?

बाबा: नाहीत.

टिंब: सही आहे. आणि सहीच्या वर... "पुन्हा पाठवा." एवढंच? "दुरुस्त करून" कुठे गेलं?

बाबा: जादा शब्द होते. गाळले.