तराफ्यामागचा मासा

कापसाने दगा दिल्यावर माझा जुना विद्यार्थी देविदास याने दिग्रसजवळच्या धरणावर पिंपांचा तराफा करून मासेमारी आरंभली. एके दिवशी त्याच्या मुलीला पाहायला पाहुणे यायचे होते आणि त्यांना मासा खिलवायचा होता. त्याने मासे दाखवणारे यंत्र आणले. त्याचा पाण्यात सोडायचा डोळा, माहितीपत्रक वाचून, मीच मागच्या पिंपाला बसवून घेतला. पडद्यावर लगेच मोठा मासा उमटला.

“बाई, आपल्या मागंमागंच येऊन राह्यला.”

चार वेळा जाळे रिकामे आले. मी वाकून पाहिले, तर दृष्ट लागू नये म्हणून देविदासने पाण्यात यंत्राच्या डोळ्यासमोरच जुनी चप्पल टांगलेली.

“काढ ती.”

“राहू द्या, बाई. पाहुण्यांले पडद्यावर तरी मासा दाखवतो.”