तूरिनची मेणबत्ती

"'डोळे मीट, मग दार लाव. नीट बसलंय का, ते कान सांगेल,' असं त्या इटालियननं मला खुणांनी सांगितलं होतं."

बुधवारी, उपासाच्या दिवशी, मेणबत्ती घ्यायला मी क्रागुयेवात्स शहरातल्या चर्चमध्ये रांगेत उभी होते. माझ्यापुढे म्हातारे वेलिमिर मित्राला सांगत होते. मोटार कारखान्यात त्यांनी जन्मभर गाड्यांची दारं बसवली.

"त्याची भाषा येत होती तुला?"

"छे! आमच्या कारखान्याची आणि त्याच्या कंपनीची भागीदारी चाळीस वर्षांची, पण आम्हा दोघांत वीस शब्दसुद्धा नव्हते. तूरिनहून आला की तो पाठमोरा उभा राहायचा. मी दार लावायचो. नुसता आवाज ऐकून तो वळायचा आणि नेमका सैल बोल्ट दाखवायचा!"

"थापा नको मारूस, वेल्या."

"चर्चमध्ये? ते बोल्ट मीच आवळलेत. अंगावर काटा यायचा."

"मग मेणबत्ती वरच्या थाळीत जिवंतांसाठी लावणार, की खालच्या थाळीत गेलेल्यांसाठी?"

"गेला तो. त्याच्या मुलीचं पत्र आलंय. मागे राहील त्यानं दुसऱ्याच्या थडग्यावर मेणबत्ती लावायची, असं खुणांनीच ठरलं होतं आमचं."

"तूरिनला? ह्या गुडघ्यांनी? अरे, अख्खा दिवस बसमध्ये जाईल!"

वेलिमिरनी एकच मेणबत्ती घेतली. ती न पेटवता रुमालात गुंडाळून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली, आणि ते बसस्टँडच्या दिशेनं चालू लागले.